सहा अक्षरांतले सहस्रबुद्धे

आमच्या आडनावाचं आणि छापील चौकोनांचं कधीच जमलेलं नाही. रोमन लिपीत ते 13 अक्षरांचं होतं आणि फॉर्म छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायम कुणीतरी पाटील नाहीतर जोशी असतात. गॅसच्या कार्डावर आम्ही सहस्रबुद आहोत, विजेच्या बिलावर सहस्रबुधे, आणि एका बँकेच्या कृपेने माझे वडील शेवटपर्यंत 'सहस्र बुडे' होते. बँकेच्या तोंडी हा शब्द बरा नव्हे, असं ते म्हणायचे. पण सगळ्यांत निर्दय कात्री मला भेटली ती निवृत्तीनंतर, साठएक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. मी नाव टाइप केलं, 13 च्या 13 अक्षरं. तिने पहिली सहा ठेवली आणि बाकीची टाकून दिली. एस, ए, एच, ए, एस, आर. सहस्र राहिलं, बुद्धी गेली. चहा ठेवायला आलेल्या हिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या लवकर ओळखलं?"

या सिस्टिमचं नाव आयटीएस. पूर्ण नाव 'इन्कम्पॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम', म्हणजे कुणाशीही न पटणारी. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाही, घरच्यांनीच बारशाला ठेवलेलं आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी एमआयटी नावाची जगप्रसिद्ध संस्था आहे. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड ग्रीनब्लॅट, स्ट्युअर्ट नेल्सन, टॉम नाइट वगैरे मंडळींनी ही सिस्टिम लिहिली. आधी पीडीपी-6 या मशीनवर, मग त्याच्या धाकट्या पण दांडग्या भावावर, पीडीपी-10 वर. मे 1990 मध्ये एमआयटीतलं शेवटचं आयटीएस बंद झालं. मी ते चालवतो आमच्या जुन्या लॅपटॉपवर, सिम्युलेटरमध्ये. 256 हजार शब्दांची मेमरी म्हणजे त्या काळी डोळे फिरवणारी श्रीमंती. आजच्या हिशेबात सुमारे 11 लाख 80 हजार बाइट. नातीच्या वाढदिवसाच्या केकचा एक फोटो त्यात मावत नाही.

सहाच अक्षरं का, तर मशीनचा एक शब्द 36 बिटांचा आणि एक अक्षर सहा बिटांचं. छत्तीसला सहाने भागा. एका शब्दात एक नाव, हिशेब चोख. तेवढ्या बिटांत लहान-मोठी अक्षरं परवडत नाहीत म्हणून सगळी मोठीच. त्यामुळे ती सिस्टिम सतत कुणावर तरी ओरडते आहे असं वाटतं. ही काटकसर माणसांनाच नव्हे, व्याकरणालाही लागू होती. बाहेरून येऊन फुकटात मशीन वापरणाऱ्या पाहुण्यांना तिथे टूरिस्ट म्हणत, पण इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचं, म्हणून त्यातलं 'ओ' काढून टाकलं. पाहुण्याला घरात घेतलं, पण उंबरठ्यावर एक चप्पल काढून ठेवायला लावली.

आता टाइमशेअरिंग म्हणजे काय, हे कळायला त्याच्याआधी काय होतं ते सांगायला हवं. ते मी भोगलेलं आहे. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, दुसऱ्या एका संस्थेत होता, आणि तोही काचेच्या पलीकडे. आपण प्रोग्रॅम लिहायचा, एकेक ओळ एकेका कार्डावर पंच करायची, कार्डांना रबरबँड लावायचा आणि खिडकीत नेऊन द्यायचा. खिडकीतला माणूस गठ्ठा असा घ्यायचा, जणू आपण त्याच्याकडे मयताचा दाखला मागतो आहोत. कार्डावर 80 घरं. फोरट्रान भाषेचा नियम असा, की वाक्य सातव्या घरापासून सुरू करायचं. सहाव्या घरात काही खूण केलीत तर मशीन समजणार, की ही मागच्याच ओळीची शेपटी आहे. मी एका कार्डावर घाईत सहाव्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी निकाल आला. हातभर रुंद कागद, त्यावर माझं नाव (कापलेलं), तारीख, आणि चूक दाखवणारी एक ओळ. एक घर चुकलं म्हणून तीन दिवस. ते कार्ड दुरुस्त करून पुन्हा खिडकीत गेलो तेव्हा खिडकी जेवायला गेली होती.

टाइमशेअरिंगने हे बदललं. कसं, ते आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयावरून सांगतो. मालक एकटा, खुर्च्या चार. गिऱ्हाईक आलं की मालक त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधायचा, दोन्ही गालांना भरपूर फेस फासायचा आणि पुढच्याकडे वळायचा. फेस लावलेला माणूस उठून दुसऱ्या दुकानात जात नाही, हे त्या धंद्याचं मूळ सूत्र. मग याच्या कल्ल्यावर दोन हात, त्याच्या हनुवटीवर एक, तिसऱ्याला "आलोच साहेब". चौघांनाही वाटायचं की आपलीच दाढी चालली आहे. टाइमशेअरिंग म्हणजे नेमकं हेच. एक मशीन, तीसेक माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात टाइपरायटरसारखं टर्मिनल. मशीन सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत एकेकाकडे फिरत राहतं, इतक्या चपळाईने की गालावरचा फेस वाळत नाही. गर्दी झाली की वाळतो, पण तेवढं चालायचंच.

हा प्रकार नोव्हेंबर 1961 मध्ये एमआयटीतच फर्नांडो कॉर्बाटो यांनी करून दाखवला. त्यांच्या सिस्टिमचं नाव सीटीएसएस, त्यातल्या 'सी'चा अर्थ कम्पॅटिबल, कारण ती जुन्या कार्डवाल्या पद्धतीलाही सांभाळून घ्यायची. ही सिस्टिम फार मोजकं बोलायची. तुम्ही कमांड दिली की 'डब्ल्यू' आणि पुढे वेळ, म्हणजे थांबा. काम झालं की 'आर' आणि पुढे किती सेकंद लागले ते, म्हणजे तयार आहे, बोला. एवढंच. माझे एक हेडक्लार्क असेच होते, त्यांचं 'हं' म्हणजे डब्ल्यू आणि चष्मा वर करणं म्हणजे आर.

सीटीएसएसवर अनेकांची कागदपत्रं एकाच डिस्कवर, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. कॉम्प्युटरवरच्या पासवर्डची गोष्ट साधारण इथूनच सुरू होते. आणि पासवर्ड चोरीची पण. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेली मशीनची वेळ पुरत नव्हती. 1962 मध्ये त्याने सरळ एक पंचकार्ड भरून पासवर्डांची फाइल छापून मागितली. मशीनने छापून दिली! मागितली की द्यायची, हा मशीनचा स्वभाव. (खिडकीतला माणूस बरा होता म्हणायचा, त्याने निदान उद्या या म्हटलं असतं.)

पण खरी मजा 1966 ची. लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या दिवसाची सूचना दिसायची: अमुक दिवशी मशीन बंद राहील, तमुक वाजता या, वगैरे. ही सूचना लिहिणारा आणि पासवर्डांची फाइल सांभाळणारा, दोघंही एकाच डिरेक्टरीत, एकाच वेळी एडिटर उघडून बसले. एडिटर आपलं कच्चं काम ज्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवायचा तिचं नाव त्या डिरेक्टरीत कायम एकच. लग्नघरात दोन सारख्या सुटकेसांची होते तशी अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉग-इन करील त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड, नावांसकट, ओळीने. एका वापरकर्त्याच्या ते लक्षात आलं. कुणाला फोन करायचा, कोण जागेवर असेल, या भानगडीत तो पडला नाही. त्याने मशीनला अशी एक आज्ञा दिली, की ती आज्ञा स्वतःलाच पाळायला सांगते. मशीन त्या गरगरीत अडकलं आणि ठप्प झालं. लोकांचे पासवर्ड वाचवायला त्याने सगळ्यांचं काम बंद पाडलं. पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात कॉर्बाटोंनी हा किस्सा स्वतः सांगितला, हा त्यांचा मोठेपणा. आपल्याकडे चौकशी समिती नेमली गेली असती आणि अहवालही त्याच फाइलवर छापला गेला असता.

हे सगळं शेजारच्याच खोल्यांतून पाहिलेल्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठरवलं, की आपल्या सिस्टिमला पासवर्डच नको. ती कम्पॅटिबल, तर आपली इन्कम्पॅटिबल. मी नाव टाइप केलं आणि आत गेलो. कुणी विचारलं नाही, तू खरंच सहस्रबुद्धे कशावरून. मी गोखले म्हणून गेलो असतो तरी आत घेतलं असतं. अक्षरं मात्र सहाच, जी-ओ-के-एच-ए-एल.

ही पोरं एवढ्यावर थांबली नाहीत. मशीन बंद पाडणं हा त्या काळच्या तरुण मंडळींचा आवडता छंद होता. कुणी एखादी फट शोधायची, सिस्टिम कोसळवायची, तीसजणांचं काम बुडवायचं आणि कोपऱ्यात बसून हसायचं. दुसरं कुणी असतं तर कुलपं वाढवली असती. आयटीएसवाल्यांनी त्यासाठी एक कमांडच करून ठेवली: 'किल सिस्टिम'. कुणीही टाइप करावं, मशीन बंद. जे कुणालाही जमतं त्यात शौर्य ते काय? तो छंदच संपला. अधूनमधून एखादा नवखा कमांडांची यादी वाचता वाचता "हे किल म्हणजे काय बरं" म्हणून दाबून बघायचा आणि सगळ्या इमारतीतून एकच आरोळी उठायची. पण एकंदरीत भागलं. मला ही युक्ती फार आवडते. आमच्याकडे लाडवाच्या डब्याला आईने कुलूप लावलं तेव्हाच डबा संपायला लागला होता.

चहाड्यांचीही तिथे सोय होती. 'ओएस' म्हटलं की जगात सगळीकडे ऑपरेटिंग सिस्टिम. आयटीएसवर ओएस म्हणजे 'आउटपुट स्पाय', दुसऱ्याच्या पडद्यावर काय चाललंय ते आपल्या पडद्यावर बघायचा प्रोग्रॅम. खिडकीतून डोकावणं नव्हे, भिंतच काचेची. मग ज्यांच्याकडे डोकावलं जायचं त्यांनी उलटा प्रोग्रॅम लिहिला, आपल्याकडे कोण बघतंय ते सांगणारा. त्याचं नाव 'जेडगर', अमेरिकन गुप्तपोलीस खात्याचे वर्षानुवर्षांचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांच्या स्मरणार्थ. मोजा, बरोब्बर सहा अक्षरं. जेडगर आधी तुमच्याकडे मारण्याचा परवाना मागायचा. तुम्ही हो म्हणालात की जो डोकावतोय त्याचं काम जागच्या जागी ठार. हे टूरिस्टांना कळलं आणि रोज मुडदे पडायला लागले. शेवटी एका शहाण्याने काय करावं? जेडगरच्या सगळ्या प्रती एकेक करून शोधल्या आणि त्यांचे दात काढून टाकले. प्रोग्रॅम तसाच दिसायचा, तसाच परवाना मागायचा, गुरगुरायचाही, पण मारायचा कुणालाच नाही. किती जणांना हे कधी कळलंच नाही! आमच्या सोसायटीच्या फाटकावर सध्या जे गृहस्थ रात्री शिट्टी वाजवत बसतात, त्यांच्याकडे पाहून मला याची आठवण होते.

आयटीएसशी बोलायचं म्हणजे डीडीटीशी बोलायचं. हो, तेच नाव. प्रोग्रॅममधले किडे, म्हणजे बग, मारायचं साधन म्हणून एमआयटीत त्याचं हे बारसं झालं होतं. मला डीडीटी माहीत होतं ते पाठीवर पंप घेऊन येणाऱ्या मलेरियावाल्यांचं. भिंतींवर पांढरे ओघळ, दारावर खडूने तारीख, आणि दोन दिवस घरभर तो वास. इथे ते फवारणीवालेच दारात पाहुण्यांचं स्वागत करायला उभे केलेले. दुसऱ्या सिस्टिमांत बग मारायचं हत्यार लागलं तर मागवायचं, इथे घरात शिरतानाच हातात. माणूस आला आहे म्हणजे चूक करणारच, हा अनुभवाचा सल्ला त्यामागे असावा.

आत आलात की डीडीटी सांगतं, आणखी किती माणसं आत आहेत. त्याचीही एक कथा आहे. पूर्वी तिथे '14 यूझर्स' असं यायचं. कुणा खट्याळाने ते बदलून '14 लूझर्स' केलं. दुसऱ्याला ते आवडलं नाही, त्याने पुन्हा यूझर्स केलं. पहिल्याने पुन्हा लूझर्स. काही दिवस दोघंही एकमेकांच्या नकळत हे करत राहिले. शेवटी तोडगा निघाला तो स्पेलिंगात. यूझरमध्ये पुढे एक 'एल' लावला, शब्द वाचायला लूझरसारखा, लिहायला अर्धा यूझर. दोन्ही पक्ष खूश. पुढे कमांडांतही तो शब्द शिरला. मदत हवी असेल तर टाइप करायचं 'लूझर'. म्हणजे आधी आपण कोण ते कबूल करा, मग मदत.

लिहिण्यासाठी एडिटर 'टेको'. ज्यांनी टेको पाहिलेला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. यात प्रत्येक अक्षर ही कमांड. डी म्हणजे पुसा, एस म्हणजे शोधा, के म्हणजे ओळ उडवा. जुन्या मंडळींचा एक खेळ असायचा: आपलं नाव कमांड म्हणून टाइप करायचं आणि आपल्या हातून मजकुराचं काय होईल ते आधी ओळखायचं. मी लगेच करून पाहिलं. इथे निदान अक्षरं कापली जात नव्हती. माझं आडनाव 'एस'ने सुरू होतं, म्हणून टेकोने उरलेली बारा अक्षरं शोध म्हणून घेतली, अख्खी फाइल धुंडाळली आणि सांगितलं, सापडत नाही. म्हणजे माझं आडनाव स्वतःलाच शोधत निघालं आणि हात हलवत परत आलं. अध्यात्मातल्या लोकांना यात काही दिसेल, मला लॉग-आउट करावंसं वाटलं. याच टेकोच्या छोट्या छोट्या मंत्रांची मोट बांधून रिचर्ड स्टॉलमन यांनी 1976 मध्ये ईमॅक्स उभं केलं, आणि ते आजही लोक वापरतात.

पीडीपी-10 आपल्याकडेही येऊन गेलं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. डेकसिस्टिम-10 या नावाने ते 1970 च्या दशकात कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होतं. तिथल्या सॉफ्टवेअर केंद्राचे प्रमुख आर. नरसिंहन. याच केंद्रातून 1985 मध्ये एनसीएसटी ही संस्था झाली. पीडीपी-10 बनवणाऱ्या कंपनीने त्या मशीनसाठी जी स्वतःची सिस्टिम दिली होती ती टॉप्स-10, आणि ती आयटीएसच्या मानाने अगदी सरकारी. नाव नाही, नंबर सांगा. प्रोजेक्टचा एक, माणसाचा एक, मध्ये स्वल्पविराम. पडद्यावर नुसतं एक टिंब उमटतं, म्हणजे बोला. जाताना 'के, तिरकी रेघ, एफ' टाइप केलं की ती तुमच्या फाइली सांभाळून ठेवून किती सेकंद वापरलेत त्याची पावती देते. पण या रुक्ष बाईलाही एक खोड होती. नवी फाइल करायची कमांड 'मेक', पुढे फाइलचं नाव. तुम्ही 'मेक लव्ह' टाइप केलंत तर ती आधी विचारायची, "नॉट वॉर?" आणि मग निमूटपणे 'लव्ह' नावाची फाइल करून द्यायची. व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस होते, ही घोषणा अमेरिकेत भिंतीभिंतीवर होती. कुलाब्यात कुणी हे करून पाहिलं असेल तर घरी सांगितलं नसणार.

मी मात्र आयटीएसमध्येच रमलो. जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, नाव टाइप करायचं, सहस्र होऊन आत जायचं. आत गेलं की तिथे लिहून येतं: तुम्ही एकटेच आहात, तुमचा रास्त वाटा 99 टक्के. तीस माणसांत मशीन वाटून द्यायला जन्मलेली सिस्टिम ही. तिच्या घरात आता मीच एक. उरलेला एक टक्का कुणाचा म्हणून हिने विचारलं, तर मला सांगता आलं नाही. मग म्हणाली, "मलाही येता येईल का त्यात?" मी म्हटलं, ये की, पासवर्ड लागत नाही. तिने तिच्या कॉम्प्युटरवरून नाव टाइप केलं. मंगला. एम-ए-एन-जी-एल-ए. सहाच्या सहा अक्षरं, एकही कापलं गेलं नाही. माझा वाटा निम्म्याच्या आसपास आला. तो लग्नापासून तेवढाच होता, पण असा लेखी पहिल्यांदाच मिळाला.

तिला मी कमांडांची यादी छापून दिली होती. त्यात 'लॉक' आहे. जुन्या 'किल सिस्टिम'चं ते पुढचं, जरा सभ्य रूप. त्यात जाऊन '5 किल' म्हटलं की ती विचारते, सिस्टिम खरोखर बंद करायची आहे का? हो म्हटलं की सांगते, लोकांसाठी थोडक्यात निरोप लिहा. मग सगळ्यांच्या पडद्यांवर सूचना जाते आणि पाच मिनिटांनी मशीन बंद होतं.

परवा रात्री साडेआठला मी टेकोत एका स्वल्पविरामाच्या मागे लागलो होतो. पडद्यावर ओळ आली, की आयटीएस पाच मिनिटांत बंद होत आहे. तिच्याखाली मंगलाचा निरोप होता, सगळा मोठ्या अक्षरांत: 'जेवायला या. आमटी गार होतेय.'

मी फाइल सेव्ह केली आणि उठलो. चार मिनिटं शिल्लक होती.